मृताचा प्राप्तिकर : कायद्यातील एका कल्पिताचा इतिहास

कायदा जिवंत माणसांसाठी असतो, हे विधान सकृद्दर्शनी इतके उघड आहे की ते मांडण्याचे प्रयोजन काय, असे वाचकास वाटावे. १९२२ च्या हिंदुस्थानच्या प्राप्तिकर अधिनियमाच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः खरे होते. ज्या व्यक्तीवर कर बसावयाचा तीच आकारणीपूर्वी मरण पावली तर पुढे काय, ह्याचा उल्लेख त्या अधिनियमात पहिली अकरा वर्षे कोठेही नव्हता. ही उणीव मुंबईच्या उच्च न्यायालयाने दाखवून दिली, १९३३ साली कायदेमंडळाने ती भरून काढली, आणि ती भरताना एक असे वाक्य रचले की ज्यावर आजही, पतीच्या मागे राहिलेल्या पत्नीने अथवा पत्नीच्या मागे राहिलेल्या पतीने भरावयाचे विवरणपत्र आधारलेले आहे. त्या वाक्याचा इतिहास हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने करविषयक कायद्यात शिरावे हे कोणास अनधिकार वाटल्यास त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ह्या विषयाकडे मला कायद्याने नव्हे, एका सर्वनामाने नेले. काही वर्षांपूर्वी वडील निवर्तल्यानंतर त्यांचे त्या वर्षीचे विवरणपत्र भरावयाचे होते. शेवटी सत्यापनाचा मजकूर असतो : मी, अमुक, प्रतिज्ञापूर्वक सांगतो की वरील माहिती खरी आहे. आईने त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “अरे, ह्यातला ‘मी’ म्हणजे कोण?” प्राप्ती वडिलांची, स्थायी खाते क्रमांक वडिलांचा, नाव वडिलांचे, आणि सही आईची. प्रथमपुरुषी सर्वनामाचा निर्देश बोलणाऱ्याकडे होतो असे मी वर्गात शिकवीत आलो होतो. येथे बोलणारा एक आणि ज्याच्या वतीने बोलावयाचे तो दुसरा, व तो दुसरा बोलू शकत नाही. आईच्या प्रश्नाला मला त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही.

मूळ अडचण समजण्यासाठी १९२२ च्या अधिनियमाची काळाविषयीची कल्पना पाहिली पाहिजे. हिंदुस्थानात प्राप्तिकर प्रथम १८६० साली, उठावानंतरच्या तुटीच्या काळात, जेम्स विल्सन ह्यांनी आणला. तो पाच वर्षांनी संपला, आणि १८८६ च्या अधिनियमाने त्यास स्थैर्य आले. १९१८ च्या अधिनियमात चालू वर्षाच्या प्राप्तीवर कर घेऊन मागाहून मेळ घालण्याची पद्धत होती. १९२२ मध्ये ती सोडून, कर ज्या वर्षी आकारावयाचा त्याच्या ‘मागील वर्षा’ची प्राप्ती हा आधार ठरविण्यात आला. हिशेबाच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. मागील वर्षाची प्राप्ती निश्चित झालेली असते, अंदाज बांधावा लागत नाही. परंतु तिच्यामुळे मिळविण्याचा काळ आणि आकारणीचा काळ ह्यांत अंतर पडले, आणि त्या अंतरात माणूस मरू शकतो, ही गोष्ट मसुदा करणाऱ्यांच्या ध्यानातून निसटली.

त्यात भर पडली ती व्याख्येची. इंग्रजी ‘असेसी’ ह्या शब्दातील अंत्य प्रत्यय फ्रेंच भूतकालवाचक धातुसाधितापासून आलेला असून तो कर्मार्थी आहे. ज्याच्यावर आकारणी होते तो ‘असेसी’. आपण त्यास ‘करदाता’ म्हणतो, म्हणजे कर्मार्थी शब्दाच्या जागी ‘दा’ धातूला कर्त्रर्थी प्रत्यय लावून झालेला शब्द योजतो. हा फरक क्षुल्लक नाही. आकारणी मृताच्या प्राप्तीवर होऊ शकेल अशी निदान कल्पना तरी करता येते. देणारा मात्र जिवंतच असला पाहिजे. गंमत अशी की १९२२ च्या अधिनियमाने दिलेली व्याख्या इंग्रजी शब्दापेक्षा आपल्या शब्दालाच जवळची होती : जिच्याकडून प्राप्तिकर देय आहे ती व्यक्ती. क्रियापद वर्तमानकाळी. जो आज नाही त्याच्याकडून आज काही ‘देय आहे’ असे म्हणता येते काय?

हाच प्रश्न एलिस सी. रीड ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. १९३१ च्या निर्णयसंग्रहांत तो निवाडा प्रसिद्ध झाला आहे. विवरणपत्र मागणारी नोटीस करदात्याच्या हयातीतच त्याच्यावर बजावली गेली होती, परंतु विवरणपत्र देण्यापूर्वी तो मरण पावला. त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकावर आकारणी करता येईल, अशी सरकारची बाजू होती. मुख्य न्यायमूर्ती सर जॉन ब्यूमाँट ह्यांनी ती अमान्य केली. नोटीस, विवरण, पुरावा, आकारणी, मागणी ह्या अधिनियमातील प्रत्येक पायरीवर एकाच व्यक्तीची अपेक्षा आहे. त्या व्यक्तीच्या जागी दुसरी उभी करण्याची वाट अधिनियमाने कोठेही ठेवलेली नाही. आणि इतकी मोठी गोष्ट केवळ अनवधानाने सुटली असेल असे मानणे कठीण, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. कर बसविणारा शब्द कायद्यात असला पाहिजे. तो नसेल तर न्यायालयाने आपल्या पदरचा घालावयाचा नाही.

हा निवाडा शब्दपूजक आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. अनवधान नव्हते असे मानण्यात कदाचित न्यायमूर्तींनी मसुदाकारांना त्यांच्या योग्यतेपेक्षा अधिक श्रेय दिले असेल. पण वाक्याचा कर्ता नाहीसा झाला तर क्रियापद आपोआप दुसऱ्या कर्त्याशी जुळत नाही, हे त्यांचे म्हणणे व्याकरणाच्या कसोटीवरही टिकते.

आपल्या परंपरेत हा प्रश्न अगदी नवा नव्हता, हे येथे नमूद करणे इष्ट होईल. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातील ऋणादानप्रकरणात मृताचे ऋण कोणी फेडावे ह्याचा क्रम दिला आहे. जो रिक्थ घेतो त्याने ऋण फेडावे, हे त्याचे सूत्र. स्त्रीविषयी तेथे स्वतंत्र नियम आहे : जे ऋण तिने स्वतः मान्य केले, जे पतीसह काढले, अथवा जे तिचे तिनेच काढले, तेवढेच तिच्याकडून घ्यावे, अन्य नव्हे. आणि पुत्राने पित्याची कोणती ऋणे फेडू नयेत ह्या यादीत सुरा, काम व द्यूत ह्यांपायी झालेल्या ऋणांबरोबर दंड आणि शुल्क ह्यांची बाकीही गणली आहे. राजाचे न वसूल झालेले देणे माणसाबरोबर संपावे, असा ह्याचा एक अर्थ होतो. कल्याणीच्या विक्रमादित्याच्या आश्रयाने मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराचा आणि मुंबईच्या ब्यूमाँटसाहेबांचा काही संबंध जोडावा असा माझा हेतू नाही. दोन्ही ठिकाणी सावकाराचे देणे आणि शासनाचे देणे ह्यांत भेद निघाला, एवढेच ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शासनाला तो भेद परवडणारा नव्हता. १९३३ च्या दुरुस्तीने अधिनियमात २४-ब हे कलम घातले गेले. त्याचा आशय असा : व्यक्ती मरण पावल्यास तिच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक, प्रशासक अथवा अन्य कायदेशीर प्रतिनिधी ह्याने, मृताच्या मालमत्तेतून व ती मालमत्ता पुरेल तेथपर्यंत, मृतावर आकारलेला कर, तसेच तो मरण पावला नसता तर जो कर त्याच्याकडून देय झाला असता तो भरावा. नोटीस बजावण्यापूर्वी मृत्यू झाला असल्यास प्रतिनिधीस नोटीस द्यावी, व जणू तोच करदाता आहे असे समजून मृताच्या एकूण प्राप्तीची आकारणी करावी.

ह्या कलमात भाषेच्या दोन युक्त्या आहेत आणि त्या एकमेकींहून भिन्न आहेत. पहिली ‘नसता तर’ ही. दामल्यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणातील (१९११) परिभाषेत हा संकेतार्थ होय. मराठीतील ‘-ता’ हे रूप मुळात संस्कृत वर्तमानकालवाचक धातुसाधिताचे वंशज. परंतु संकेतार्थात ते जे घडले नाही त्याचेच वाचक होते. ‘तो मरण पावला नसता तर’ असे म्हणताच, तो मरण पावला आहे हे ऐकणाऱ्यास कळते. म्हणजे कायदा येथे मृत्यू नाकारीत नाही. तो मान्य करून, केवळ आकडेमोडीपुरता बाजूला ठेवतो. दुसरी युक्ती ‘जणू’ ही. हिने मृताला जिवंत केले जात नाही. जिवंत माणसाला मृताच्या जागी बसविले जाते. पहिल्या युक्तीने रक्कम ठरते, दुसरीने माणूस ठरतो.

अशा मानण्याला महाराष्ट्र राज्याच्या व्यवहारभाषेत अलीकडे ‘मानीव’ हा शब्द रूढ झाला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना तो ‘मानीव अभिहस्तांतरण’ ह्या जोडशब्दातून परिचित असेल. परिभाषेतील कित्येक शब्दांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, पण हा शब्द चांगला आहे. कोरलेले ते कोरीव, आखलेले ते आखीव, तसे मानलेले ते मानीव; घडविणाऱ्याच्या हाताची खूण त्या प्रत्ययात राहते. मानीव वस्तू मुळात तशी नाही, कोणी तरी ती तशी मानली आहे, हे शब्दच सांगतो. इंग्रजी शब्द ते सांगत नाही.

आता हा प्रतिनिधी कोण? १९३३ साली, निदान हिंदू कुटुंबांत, ती पत्नी असण्याचा संभव आजच्या मानाने बराच कमी होता. मिताक्षरा पद्धतीच्या अविभक्त कुटुंबात मृताचा हिस्सा उत्तरजीवितेने इतर समांशितांकडे जाई. विधवेस पोटगीचा हक्क असे. १९३७ च्या अधिनियमाने तिला पतीच्या हिश्श्यात मर्यादित स्वरूपाचा अधिकार मिळाला, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने ती पहिल्या वर्गाची वारस व आपल्या वाट्याची संपूर्ण स्वामिनी झाली. त्यामुळे प्राप्तिकराच्या कलमातील ‘प्रतिनिधी’ ह्या शब्दात एक अक्षरही न बदलता त्याचा निर्देश बदलला. कायद्याच्या इतिहासात अर्थांतर पुष्कळदा असे घडते : शब्द एका अधिनियमात असतो, आणि त्याचा अर्थ दुसरा अधिनियम हलवितो.

अविभक्त कुटुंबाची गोष्ट निराळी. १९२२ च्या अधिनियमाने हिंदू अविभक्त कुटुंबास व्यक्तीहून वेगळे करपात्र घटक मानले होते, आणि हा घटक कर्त्याच्या मृत्यूने मरत नाही. व्यक्तीच्या मरणाविषयी मौन पाळणाऱ्या कायद्याजवळ सहसा न मरणारा करदाता आधीपासूनच होता. वीरप्पा चेट्टियार प्रकरणी १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने, घरातील सर्व पुरुष निवर्तल्यावर केवळ विधवा उरल्या असताही ते कुटुंब करापुरते अविभक्त कुटुंबच राहिले, असे ठरविले.

१९६१ च्या अधिनियमाने कायदेशीर प्रतिनिधीची व्याख्या स्वतः न करता १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेकडे बोट दाखविले. तेथील व्याख्येनुसार जो मृताच्या मालमत्तेचे प्रतिनिधित्व करतो तो प्रतिनिधी. मृताचे नव्हे, मालमत्तेचे; हे बारकाईने पाहावे. शिवाय जो कोणी त्या मालमत्तेत हात घालतो त्याचाही समावेश तीत होतो. पतीच्या मागे भाडे वसूल करू लागलेली पत्नी दाखला हातात येण्याची वाट न पाहताच प्रतिनिधी होते. ‘वारस’ हा आपला अरबी मूळ असलेला शब्द घेणाऱ्याचा आहे, तर ‘प्रतिनिधी’ हा उत्तर देणाऱ्याचा. लोकव्यवहारात दोहोंची गल्लत होते आणि दाखल्यांची परंपरा ती गल्लत वाढविते. जुन्या मुंबई इलाख्याच्या प्रदेशात वारसाचा दाखला दिवाणी न्यायालयाकडून मिळतो तो एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतील १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनान्वये; उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळते ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमान्वये. एकाच घरातील एकाच मृत्यूसाठी दोन शतकांतील कागद जमवावे लागतात.

कल्पित एकदा मान्य केले की ते कोठपर्यंत ताणावयाचे, हा पुढचा प्रश्न. अमरचंद एन. श्रॉफ प्रकरण ह्या दृष्टीने विशेष मननीय आहे. श्रॉफ हे मुंबईतील सॉलिसिटर व एका पेढीचे भागीदार. १९४९ साली ते निवर्तले. पेढीचे हिशेब रोखीच्या पद्धतीचे, म्हणजे पैसा हाती येईल तेव्हा प्राप्ती धरावयाची. त्यांनी केलेल्या कामाच्या फीचा वाटा पुढील वर्षांत वारसांना मिळत गेला. मृताचे प्रतिनिधी म्हणून वारसांवर ह्या रकमांची आकारणी करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या निर्णयसंग्रहांत आलेल्या निवाड्यात ती अमान्य केली. कल्पित ज्या हेतूसाठी निर्माण केले त्याच्या पलीकडे ते नेता येत नाही. ‘तो मरण पावला नसता तर’ ह्या शब्दांनी मृताला वर्षानुवर्षे कमावता ठेवता येणार नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर संकेतार्थाचा अंमल त्याच्या वाक्यापुरता असतो. तथापि अशा रकमा फार काळ करमुक्त राहावयाच्या नव्हत्या. १ एप्रिल १९६२ रोजी अमलात आलेल्या नव्या अधिनियमात, व्यवसाय करणाऱ्याच्या मृत्यूने व्यवसाय बंद पडल्यास मागाहून येणारी रक्कम ही घेणाऱ्याचीच प्राप्ती मानावी, अशी तरतूद होती. न्यायालयाने मृताच्या नावावरून उतरविलेले ओझे कायदेमंडळाने जिवंताच्या नावावर ठेवले, आणि तेथे तरी ते उघडपणे ठेवले.

१९६१ च्या अधिनियमातील १५९ वे कलम हे २४-ब चे विस्तारलेले रूप. त्यातील दोन बदल महत्त्वाचे. पूर्वी ‘कर’ होता तेथे आता ‘कोणतीही रक्कम’ आली. व्याज आणि दंडही आत आले. याज्ञवल्क्याच्या यादीतील ‘दंड’ येथे उलट्या बाजूने परत आला असे म्हणता येईल. दुसरे, मृत्यूपूर्वी सुरू झालेले काम मृत्यूच्या दिवशी ज्या टप्प्यावर होते तेथूनच प्रतिनिधीविरुद्ध पुढे चालावे, असे स्पष्ट करण्यात आले. रीड प्रकरणातील पेच ह्याने निःसंदिग्धपणे सुटला. मालमत्ता पुरेल तेथपर्यंत, ही मर्यादा मात्र राहिली, आणि पाठीमागे राहिलेल्या पत्नीच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. पतीचा थकलेला कर तिच्या स्वतःच्या पगारातून वा स्त्रीधनातून घेता येत नाही. अपवाद एक : देणे शिल्लक असताना तिने मृताची मालमत्ता विकली, गहाण टाकली अथवा हातावेगळी केली, तर त्या मालमत्तेच्या किमतीइतकी ती व्यक्तिशः बांधली जाते. दिवसकार्य आटोपताच घाईने वाटण्या करणाऱ्या कुटुंबांनी हे कलम आधी वाचावे.

नोटिशीवर नाव कोणाचे असावे, ह्या प्रश्नाचा उलगडा इतक्या लवकर झाला नाही. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह १९३८ साली निवर्तल्यावर ‘पतियाळाचे महाराज’ अशा पदनामाने नोटिसा गेल्या आणि त्यांच्या उत्तराधिकाऱ्याने हरकत न घेता त्यांची पूर्तता केली. मुंबई उच्च न्यायालयाने १९४३ साली आकारणी उचलून धरली. पदनामाचा निर्देश धारकागणिक बदलतो, म्हणून येथे दोष पचला असे मला वाटते, जरी न्यायालयाने भर दिला तो प्रतिनिधीने स्वतः केलेल्या पूर्ततेवर. सामान्य माणसाला पदनाम नसते. त्याच्या नावाने त्याच्या मृत्यूनंतर निघालेली नोटीस कोणालाच उद्देशून नसते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० साली अशी नोटीस निरर्थक ठरविली, आणि मृत्यूची वर्दी आपण होऊन प्राप्तिकर खात्यास देण्याचे बंधन वारसांवर कायद्याने घातलेले नाही, असेही सांगितले. दारावर पोस्टमनने आणलेले ते पाकीट घेणाऱ्या बाईच्या बाजूने ह्या विषयात उच्चारले गेलेले हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात.

१९६१ च्या अधिनियमाची जागा २०२५ साली संमत झालेल्या अधिनियमाने घेतली असून तो १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्यात आला. त्याने ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ ही जोडी मोडून ‘करवर्ष’ ही एकच संज्ञा आणली. ज्या फटीतून हा सर्व प्रश्न शिरला तिचे नाव गेले. पण वर्ष संपल्यावरच विवरण द्यावयाचे असल्याने फट राहतेच.

व्यवहारात मृत्यूचे वर्ष दोन भागांत पडते. १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतची प्राप्ती मृताच्या नावाच्या विवरणपत्रात, प्रतिनिधीच्या सहीने. त्यानंतरची, मालमत्ता ज्याच्याकडे गेली त्याच्या विवरणपत्रात. मृत्युपत्र असून वाटणी व्हावयाची असेल तर मधल्या काळाची आकारणी व्यवस्थापकावर स्वतंत्रपणे होते. पतिपत्नींनी एकत्र विवरणपत्र देण्याची अमेरिकेसारखी पद्धत आपल्याकडे नाही, त्यामुळे पत्नीची स्वतःची प्राप्ती असल्यास त्या वर्षी तिला एकाच हाताने दोन विवरणपत्रे भरावी लागतात. पतीचे निवृत्तिवेतन त्याच्या नावे ‘वेतन’ ह्या सदरात असे. तेच कुटुंब-निवृत्तिवेतन होऊन तिच्याकडे आले की ते ‘अन्य मार्गांनी प्राप्ती’ ह्या सदरात जाते, कारण तिचा आणि त्या मालकाचा सेवेचा संबंध कधी नव्हता.

आता त्या सर्वनामाविषयी. सत्यापनाच्या मजकुरात पुढे, हे विवरणपत्र मी कोणत्या नात्याने देत आहे ते लिहिण्यासाठी थोडी जागा सोडलेली असते. बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात. आम्हीही प्रथम तसेच गेलो होतो. ‘मी’ बोलणाऱ्याचाच आहे, मृताचा नाही. १९३३ च्या ‘जणू’चा उलगडा त्या रिकाम्या जागेत होतो. आईने तेथे ‘पत्नी’ असे लिहावयास घेतले होते. तेथे ‘कायदेशीर प्रतिनिधी’ असे लिहावयाचे असते.